एक जूनची माणसं

माजलगावच्या दूध संघाच्या कचेरीत संगणकाच्या खोलीची किल्ली एकट्या वत्सलाबाईंकडे असायची. सतरा वर्षांपूर्वी त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. पुढे सर्व्हर आला, तेव्हा शिकायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. त्यांनी कुठून तरी एका पुस्तकाची झेरॉक्स मिळवली आणि जेवणाच्या सुट्टीत पान पान वाचून डेटाबेस शिकल्या. अडलं तर विचारायला माणूस नव्हता. जमलं तर सांगायलाही नव्हता. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा उत्तरेश्वर पुण्याला इंजिनिअरिंगला. त्याचा फोन रविवारी यायचा, आणि तोवर पोरगं नीट जेवलं असेल का, या एकाच घोरात त्यांचा आठवडा जायचा.

२०१३ च्या उन्हाळ्यात धरणाने तळ दाखवला आणि संघाने सभासदांच्या जनावरांना चारा द्यायचं ठरवलं. यादीत काही नावं दोनदोनदा आलेली होती. "यादी साफ करा मॅडम," व्यवस्थापक मोहनराव म्हणाले, "चारा कमी हाय, डबल नेणारे लई."

वत्सलाबाईंनी नियम लिहिला. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली, तर माणूस एकच. एका झटक्यात चारशे बारा नावं गेली. मोहनरावांनी भर सभेत त्यांचं कौतुक केलं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच. मुलाला कधी सांगते असं त्यांना झालं, पण रविवार चार दिवस लांब होता.

शुक्रवारी चारावाटपाच्या खिडकीवर आवाज वाढला म्हणून त्या बाहेर आल्या. तेलगावकडच्या एका वस्तीवरची म्हातारी, छबुबाई बबन शेजूळ, कार्ड धरून उभी होती. आत बंकट कारकून बसला होता.

"मावशी, मशीन म्हनतंय तुमी कालच चारा नेला."

"मशीनला म्हनावं, माझी गाय बघ. बरगड्या मोजून घे."

"छबुबाई बबन शेजूळ तुमीच ना?"

"ती येगळी. ती खालच्या आळीची, तिला दोन म्हशी. दोघींच्या नवऱ्याचं नाव बबनच, त्याला मी काय करू बाबा? दोन दिस झाले, गाय उठंना."

वत्सलाबाई आत गेल्या. काढलेल्या नावांची यादी उघडली आणि जन्मतारखांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. एक जून. एक जून. पुन्हा एक जून. शाळेत गेलेल्यांची तारीख गुरुजींनी लिहिलेली, न गेलेल्यांची गावच्या दूध संस्थेच्या सचिवाने. सालही अंदाजाने, पंचावन्न, साठ, पासष्ट.

त्यांची स्वतःचीही तारीख एक जूनच होती. तेलगावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. आई, चंद्रभागाबाई, म्हणायची, तुरी काढायच्या दिवसांत, भर थंडीत झालीस तू. एवढं माहीत असून त्यांनी हा नियम लिहिला होता.

ही चूक पकडू शकेल असं कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. छबुबाईचं एक नाव परत घातलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मग उठून त्या मोहनरावांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सगळी चारशे बारा नावं परत टाकावी लागतील. नियम माझा चुकला."

"आवो, मग खोटी बी येतील ना परत."

"येतील. एकेकाला फोन करून मी काढीन. पण तोवर कुणाची गाय मरायला नको."

"परवाच सभेत तुमचं नाव घेतलं मी."

"पुढच्या सभेत चुकीसाठी घ्या."

मोहनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "टाका," म्हणाले.

नोंदींची जुनी प्रत त्या दर शनिवारी काढून ठेवत, म्हणून बरं. पण ती आताच्या यादीवर पसरली असती तर आठवडाभरात आलेली नवी नावं पुसली गेली असती. त्यांनी प्रत बाजूला उघडली आणि तेवढी चारशे बारा नावं उचलून आणली. दोन तास लागले. तोवर छबुबाई पायरीवर बसून होती. बंकटने पेंढ्या टेम्पोत टाकल्या तेव्हा तिने वळून वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि ती टेम्पोत चढली.

खरी कोण, डबल कोण, हे ओळखायला त्यांनी नवा रकाना केला. आईचं नाव. शनिवार-रविवार त्या संगणकाच्या खोलीत बसून फोन लावत राहिल्या.

"आईचं नाव? ते कावून पायजे?" एक म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून, "तुळजाबाई. लई वर्सांनी कुनी इचारलं."

खालच्या आळीच्या छबुबाईची आई बायनाबाई निघाली, आणि वरच्या छबुबाईची सुभद्राबाई. खालच्या आळीच्या छबुबाईने आईबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. वत्सलाबाईंनी तिला मध्येच तोडलं नाही.

रविवारी उत्तरेश्वरचा फोन उशिरा लागला.

"आई, दोन तास बिझी लागतोय. कुणाशी बोलत होतीस एवढं?"

कौतुकाची गोष्ट याच फोनवर सांगायची होती. आता ती सांगावीशी वाटेना, आणि चुकीची कुठून सुरू करावी ते कळेना.

"कामाचं होतं," त्या म्हणाल्या. "मेसला पाणी येतंय ना रे?"

"येतंय."

"मग जेव नीट."

फोन ठेवून त्यांनी यादीत पाहिलं. अजून दोनशे एकोणनव्वद माणसं बाकी होती. त्यांनी पुढचा नंबर फिरवला.