सूर्यास्तानंतरची गोळी

आयुष्यभर शाळेत मराठी शिकवताना मी इतरांच्या निबंधांवर लाल शाईने शेरे मारले. स्वतः लिहिण्याचे धाडस साठी उलटल्यावर करते आहे, आणि तेही आजारपणासारख्या विषयावर, जे घरोघरी असते. वाचकांनी हा आगाऊपणा पोटात घालावा.

हे माझ्या मोठ्या जाऊबाईंविषयी आहे. आमच्या जैन घरांत त्यांना भाभी म्हणतात. जुन्नरच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान, वर घर. दीर गेल्यापासून गल्ल्यावर भाभीच बसत. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि पुण्याला इम्युनोथेरपी सुरू झाली. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करून रोगावर सोडायची, असे ते सलाईनमधून द्यायचे औषध. रोग पाठीच्या हाडांत उतरला होता; त्या वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. एक सकाळी, दुसरी बारा तासांनी.

"दारू वगैरे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"अहो, आमच्या घरात कांदा चोरूनसुद्धा येत नाही," भाभी म्हणाल्या, "दारू कुठून येणार?"

"तरी सांगून ठेवते. या गोळीबरोबर दारू गेली, तर झोप फार गाढ लागते, श्वास मंदावतो."

पुढे जवळच्या मढ गावची एक जुनी गिऱ्हाईक बाई भाभींना भेटायला आली, ती द्राक्षासवाची बाटली घेऊन. "लई वाळलात वो! भूक न्हाई ना लागत? दोन झाकणं घेत जा." मी सवयीने बाटलीवरचा मजकूर वाचला आणि ती उचलून ठेवली. आसवात मुरताना अल्कोहोल तयार होतेच.

"अगं बाई!" भाभी पोट धरून हसल्या. "म्हणजे इतके हिवाळे मी पीतच होते की! आता बाजारात तोंड कसं दाखवू?"

भाभींचे ते शेवटचे मोकळे हसू.

त्यांना चौविहाराचे व्रत होते. सूर्य शिवनेरीआड गेला की अन्न नाही, पाणी नाही. सकाळीही सूर्य थोडा वर आल्याशिवाय काही नाही. उन्हाळ्यात गोळ्यांचे वेळापत्रक त्यात कसेबसे बसले. मग दिवस लहान होऊ लागले. संध्याकाळची गोळी अलीकडे आली, सकाळची लांबत गेली, आणि मधल्या फटीत वेदना वाढत गेली. पहाटे त्या भिंतीला पाठ टेकून, ओठ घट्ट मिटून बसलेल्या असत. साध्वीजींनी सांगून पाहिले, "आजाऱ्याला औषधाची सूट असते." भाभींनी हात जोडले, सूट मात्र घेतली नाही.

हे ऐकून डॉक्टरबाईंनी गोळीऐवजी दंडावर चिकटवायची पट्टी दिली. औषध त्वचेतून आत जाणार. अन्न नको, पाणी नको. मला वाटले, प्रश्न सुटला. पट्टी मीच लावली. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना पाहिले, तर दंड मोकळा.

"काढून टाकली," भाभी शांतपणे म्हणाल्या.

"का? व्रताला कुठे धक्का लागत होता?"

त्यांनी पदर दंडावर ओढून घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुण्याहून येताना मंचरजवळ गाडीत माझा पोरगा मोबाईलवर वाचत होता, आठवतं? या दुखण्याच्या औषधांनी त्या सलाईनचा गुण कमी होतो म्हणून. व्रत खरंच आहे गं. पण मला जगायचंय. सत्तरीच्या बाईने हे कुणाला सांगायचं? रोज प्रवचनात ऐकते, मोह सोडा."

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि भाभींना ऐकू यावे म्हणून फोनचा आवाज मोठा केला. त्या म्हणाल्या, "तसं काही ठिकाणी दिसलंय, खरं आहे. पण ज्यांना ही औषधं जास्त लागतात, त्यांचा आजारच पुढे गेलेला असतो. दोष औषधाचा की आजाराचा, हे आज ठामपणे सांगता येत नाही. तेवढ्यासाठी दुखणं सोसू नका."

"ठामपणे सांगता येत नाही ना?" भाभी मला म्हणाल्या. "मग पट्टी नको, मी थांबते."

ज्या अनिश्चिततेच्या आधारे डॉक्टरबाई त्यांना वेदनेतून सोडवू पाहत होत्या, तीच भाभींनी आशेसारखी धरून ठेवली. मी वादात कधीच पुढे नसते, तेव्हाही नव्हते.

पुढच्या तपासणीत कळले, की सलाईनचा उपयोग होत नाही, ते थांबवायचे. परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. घरी पोहोचलो तेव्हा शिवनेरीवर ऊन शिल्लक होते; संध्याकाळची गोळी घेता आली असती. भाभी पलंगावर बसल्या, पदर खांद्यावरून सरकवला आणि दंड माझ्यापुढे केला.

"लाव आता."

मी पट्टी लावली आणि ती नीट चिकटेपर्यंत तळहाताने दाबून धरली. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू शकलो नाही.

दोन-तीन दिवसांत त्यांच्या कपाळावरची आठी गेली. संक्रांतीच्या आधी त्याही गेल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "केवढी विरक्ती! शेवटपर्यंत व्रत मोडलं नाही." मी मान हलवत राहिले.

वाचकहो, मला जगायचे आहे, एवढे म्हणायला माणसाला लाज का वाटावी?