पेठच्या पुढे न विझणारा दिवा

डाव्या आरशाजवळच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी होती.

"ही कोणी लावली?" मी विचारलं.

"मीच," सोपानभाऊ म्हणाले. "लई खोटं बोलतो त्यो, म्याडम. शेजारी कुनी नसतं, तरी पेटतो."

सोपानभाऊ हे वारूळवाडीच्या संध्याताईंचे ड्रायव्हर. ताई द्राक्षं एक्स्पोर्ट करतात. दोन हजारच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी ही परदेशी गाडी घेतली. मी पुण्याच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचे दोष शोधायचे.

गाडीच्या मागच्या कोपऱ्याजवळ एक पट्टा असतो, तो ड्रायव्हरला कुठल्याच आरशात दिसत नाही. तो ब्लाइंड स्पॉट. या गाडीत दोन्ही आरशांखाली मागे बघणारे छोटे कॅमेरे होते. त्या पट्ट्यात वाहन आलं, की त्या बाजूला आत केशरी दिवा लागायचा. आमच्यासाठीही ही सिस्टिम नवीनच.

डावा कॅमेरा आम्ही आधीच बदलला होता. तक्रार तीच. वर्कशॉपमध्ये मात्र दिवा अगदी शहाण्यासारखा वागायचा.

"आता वायरिंग बदला," मॅनेजर म्हणाले.

"सर, आधी एकदा त्यांच्यासोबत जाऊन येते."

निघताना मी सोपानभाऊंना विचारलं, "नेमका कधी लागतो?"

"सकाळी पुण्याला येताना नाय. सांजच्याला घरी जाताना लागतो. पेठच्या पुढं तर इझतच नाय."

वायरिंगला सकाळ-संध्याकाळ कशी कळेल? माझं कुतूहल चाळवलं.

थंडीचे दिवस होते. मी पुढे डावीकडे बसले, ताई मागे. चिकटपट्टी मी काढून टाकली. पेठ गाव मागे पडलं आणि दिवा लागला. मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा. फक्त मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत आलं.

डोळे मिटले तेव्हाच डोक्यात आलं, कॅमेराही इकडेच बघतोय.

गाडी हळू घ्यायला सांगून मी काच खाली केली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, ऊन अडेल असा तळहात धरला. दिवा विझला. हात काढला, पुन्हा लागला.

"जादू केली का काय?" सोपानभाऊ हसले.

पण मला खात्री वाटेना. ऊन अडलं म्हणून विझला, की हाताने कॅमेराच झाकला गेला म्हणून? एवढ्यात घाट सुरू झाला. डोंगर मध्ये आला, ऊन गेलं. हात न लावता दिवा विझला.

"सापडलं!" मी ताईंना म्हणाले. "ऊन लेन्समध्ये शिरतं, आणि कॅमेऱ्याला त्या चकाकीत गाडी असल्याचा भास होतो."

घाट उतरलो, तरी डोंगराची सावली होतीच. डावीकडे चहाचं हॉटेल दिसलं.

"चला, च्या घेऊ," म्हणत सोपानभाऊंनी स्टिअरिंग डावीकडे वळवायला घेतलं. तेवढ्यात दिवा लागला.

"बघा, परत सुरू झाला," ते म्हणाले. आरशात त्यांना काहीच दिसत नव्हतं.

पण इथे तर ऊन नव्हतं!

"भाऊ, थांबा! वळू नका!"

त्यांनी स्टिअरिंग सरळ करून ब्रेक दाबला. माझ्या खिडकीला जवळजवळ घासत एक मोटरसायकल पुढे निघाली. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर लहान मूल होतं. पुढे जाऊन मोटरसायकलवाला थांबला आणि ओरडला, "ओ पावणं, बघून वळा की!"

"दिसला नाय रं भाऊ," सोपानभाऊ म्हणाले. मग त्यांनी गाडी हळूच हॉटेलसमोर लावली.

चहा घेताना ताई म्हणाल्या, "म्हणजे दिवा बिघडलेला नव्हताच?"

"नव्हता. उन्हात फसतो, एवढंच."

गाडीच्या कंपनीकडूनही तेच उत्तर आलं. सूर्य खाली असताना सिस्टिम चुकू शकते, बदलण्यासारखा पार्ट नाही. मॅनेजरना ते पटायला वेळ लागला.

"मग कस्टमरला दुरुस्त काय करून दिलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, सर. दिवा कधी फसतो, ते समजावून सांगितलं. बाजूला वळताना मान वळवून बघायलाही सांगितलं."

चांगला कॅमेरा आम्ही उगाचच बदलला होता. तेव्हापासून गाडी ज्या वेळी त्रास देते, त्याच वेळी आणि त्याच रस्त्यावर मी ती चालवून बघते. वर्कशॉपच्या छपराखाली सूर्य मावळत नाही.