डिचोलीच्या बारमध्ये, लेकरांना घेऊन

आमच्या गडहिंग्लजकडच्या गावात गोवा म्हणजे परमुलूख. त्यात ते नुकतंच वेगळं राज्य झालेलं. एस्टीत बसवताना भाऊ म्हणाला, "आता ते सवतं झालंय, जपून ऱ्हावा." आधी ते आमच्याबरोबर कधी होतं, हे काही मला उमगलं नाही. पण विचारायला सवड नव्हती. माझ्या लेकीनं मामाच्या गळ्याला मिठी मारून जो आकांत मांडला, तो आंबोलीचा घाट उतरला तरी थांबला नाही.

ती तीन वर्षांची व्हायची होती. तिचे वडील दोन वर्षांपासून डिचोलीच्या एका कारखान्यात कामाला. गणपतीला नि जत्रेला दोन दिवस येऊन जायचे. एवढ्यात तिनं त्यांना ओळखावं कधी? तिला खाऊ आणणारा, खांद्यावर घेणारा माणूस एकच, माझा भाऊ. मी महिन्याभरासाठी म्हणून निघाले होते. पोरं रमली तर थोरल्याचा शाळेचा दाखला आणायचा, नाही तर परत. थोरला सहा वर्षांचा, तो कुठंही रमला असता. धास्ती होती ती धाकटीची. स्टँडवर ह्यांनी हात पुढे केले तर तिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं. ह्यांनी हात मागे घेतले आणि उगाच ट्रंक उचलली.

खोलीवर पाहते तर स्टोव्ह होता, पण रॉकेल नव्हतं. रविवार, दुपारची वेळ. "बाहेरच जेवू," हे म्हणाले आणि आम्हांला घेऊन एका कौलारू घरासमोर उभे राहिले. वर पाटी, बार अँड रेस्टॉरंट. दारातल्या बाकावर दोन म्हातारे ग्लास घेऊन बसलेले, आत फळीवर बाटल्याच बाटल्या.

माझे पाय जमिनीला चिकटले.

"अगं, चल की. हितं समदीकडं आसंच आसतंय. पाटी नुसती."

"पाटी नुसती, मग बाटल्या कशाला?" मी म्हटलं.

"आई, हितं दारू मिळती व्हय?" थोरल्यानं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं.

मी उन्हातच उभी राहिले. समोरच्या भिंतीवर डांबरानं कुणी मराठीसाठी काही लिहिलं होतं. त्यावर काट मारून दुसऱ्यानं कोंकणीसाठी लिहिलं होतं. अक्षरं सगळी वाचता येत होती, भांडण मात्र कळत नव्हतं. तेवढ्यात नऊवारी नेसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली एक आजीबाई नातवंडांना घेऊन आमच्या बाजूनं सरळ त्या बारमध्ये शिरली. मी बघतच राहिले. कुणाला नावं ठेवावीत तेच कळेना.

"वयनी, भितर येयात. वतांत कित्याक रावल्यात?" मालकीणबाई स्वतः दारात आली. उन्हात का उभी, असं विचारत होती. एवढ्या मायेनं बोलावल्यावर काय करणार? गेले. भिंतीकडे तोंड करून बसले.

मग त्या बाईनं ह्यांना विचारलं, "सदचेंच हाडूं?"

रोजचंच आणू? रोजचं काय? हे मान डोलावून मोकळे. बाईनं ह्यांच्यापुढं गुलाबी रंगाचा ग्लास आणून ठेवला. दोन वर्षं मी माहेरी राहून ह्यांच्या मनीऑर्डरींवर पोरं वाढवत होते, आणि इथं रोज गुलाबी ग्लास! मी तो ओढून नाकाशी नेला. लसणाचा वास आला. लसणाची दारू असते की काय?

"सोलकढी हाय," हे म्हणाले. "पिऊन बघ." ते हसले नाहीत, म्हणून मी आणखीच चिडले.

एवढ्यात आतल्या खोलीतून चार-पाच वर्षांची एक पोरगी धावत आली. "मामा आयलो!" म्हणत ती थेट ह्यांच्या मांडीवर चढली आणि तोंड उघडून बसली. ताटात भात, कालवण आणि तळलेला बांगडा आला होता. ह्यांनी अंगठ्यानं बांगडा दाबला, मधला काटा अख्खाच्या अख्खा उचलून बाजूला ठेवला, बारीक काटे चाचपले आणि भाताबरोबर तिला घास दिला. बोलता बोलता, न बघता. गावाकडं हा माणूस स्वतःचं पाणी तांब्यातून ओतून घेत नसे. हे हात माझ्या ओळखीचे नव्हते. एक वाईट विचार मनात आला, खोटं कशाला सांगू? दोन वर्षांत ह्यांनी इथं दुसरं बिऱ्हाड तर नाही ना मांडलं?

माझं तोंड बघून बाईला काय ते कळलं असावं. "तिचो बापूय बोटीर," ती म्हणाली. "घरा येता तेन्ना ताका पळोवन रडटा हें चेडूं. आनी हांगा पळय!"

बाप जहाजावर. तो घरी आला की त्याला बघून ही रडते, आणि इथं बघा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली मान घालून काटे काढत होते. त्यांचा राग करावा की कीव, मला ठरवता येईना. माझी लेक उपाशी, माझ्या कुशीत मुसमुसणारी, आणि हे परक्या लेकराला भरवतायत. पण माझ्या लेकीनं त्यांना एक घास तरी भरवू दिला होता का?

लेक मुसमुसायची थांबली होती. ती त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्या मांडीवरून घसरून उतरली, टेबलाला वळसा घालून गेली, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

"मामा, मला पन."

"अगं येडे, मामा न्हवं, बाबा हायत ते!" थोरला ओरडला.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. त्यांनी बांगड्याचा एक तुकडा घेतला, काटे काढले, पुन्हा चाचपला, पुन्हा चाचपला. त्या पोरीला न बघता भरवणारा माणूस आपल्या लेकीच्या घासाला एवढा वेळ लावत होता की तिनंच त्यांचं मनगट धरून तोंडाकडे ओढलं. तिनं घास चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

ह्यांचे हात कालवणानं भरलेले. ते बाटल्यांच्या फळीकडे वळले आणि दंडाला डोळे पुसू लागले.

आत आल्यापासून मी त्या बाईशी एक शब्द बोलले नव्हते. आता भिंतीकडची खुर्ची फिरवली, सगळ्या बारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाई, आणखी एक बांगडा आणा."