पयले जमीन, मग जीन

आमच्या घराण्यात थापा मारायची जुनी परंपरा आहे आणि सध्या ती माझ्या एकटीच्या बळावर चालते. देवणीजवळ माझ्या धाकट्या भावाची शेती आहे. त्याच्या बैलजोडीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले, तेव्हा मी म्हणून गेले, "बैलाचं काय एवढं? मी नांदेडला घोडा शिकून राहिले." तोवर मी घोड्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. वय चव्वेचाळीस, नोकरी कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि उंचावर बसण्याचा एकूण अनुभव एसटीच्या मागच्या सीटपुरता.

भाऊ बैलाच्या शिंगांना तेल लावत होता, तो थांबला. "आक्का, तू घोड्यावर बसलेली दिसलीस ना, त्याच दिवशी ही मिशी काढून तुझ्या हातावर ठेवतो." ही मिशी त्याने दहावीला पहिल्यांदा नापास झाल्यापासून सांभाळली आहे. मला ती हवीच वाटायला लागली.

नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, तुला स्कूटीचं स्टँड लावता येत नाही." हे पोस्टात आहेत, गेली वीस वर्षं टपालावर शिक्के मारतात आणि घरी बोलतानाही तसेच बोलतात. मी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहत बसले.

नांदेडच्या जुन्या वस्तीत, नदीच्या बाजूला, एक चाचा राहतात. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. चाचांच्या घरच्या घोड्या तीन पिढ्या परण्यालाच जात आल्या. आता त्यांच्या मुलांनी फुलांनी सजवायची उघडी जीप घेतली होती, आणि दावणीला एकच घोडी उरली होती. तांबूस रंगाची, काळ्या आयाळीची, आणि माझ्याकडे पाहण्याची तिची नजर थेट आमच्या प्राचार्यांची.

पहिल्या दिवशी मी नवे बूट, काळा चष्मा असा थाट करून गेले. चाचांनी माझ्या हातात पाटी दिली. "तिकडं लीद हाय, बाई."

"चाचा, मी बसायला आलेय."

"बसा की. तो काय ओटा." आणि मग म्हणाले, "पयले जमीन, मग जीन. तिच्या बाजूला उभं राहायला आलं म्हंजे वर बसायचं बघू."

मला राग आला. मी भर वर्गात साठ पोरं गप्प करणारी बाई, आणि मला लीद? पण भावाची मिशी डोळ्यांसमोर आली आणि मी पाटी उचलली.

त्यानंतर अडीच महिने मी जमिनीवरच होते. घोडीजवळ खांद्याच्या बाजूने जायचं, मागून जायचं नाही, जाताना बोलत जायचं. रोज सगळ्या अंगाला खरारा करायचा, म्हणजे दातेरी ब्रशाने घासायचं, आणि घासता घासता कुठे सूज आहे, कुठे हात लावलेला तिला आवडत नाही, हे हाताने वाचायचं. खूर उचलायचा तर पायावरून हात खाली नेत न्यायचा आणि ती स्वतः पाय देईपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा तिने पाय दिला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्याच क्षणी तिने अंगाचं निम्मं वजन माझ्या पाठीवर टाकलं आणि डोळे मिटले. चाचा ओट्यावरून म्हणाले, "तिला तुम्ही पसंत पडलात. टेकायच्या कामाच्या आहात."

सगळ्यात कठीण धडा होता उभं राहण्याचा. हातात दोर सैल धरायचा, "हो", म्हणजे थांब, म्हणायचं आणि दोघींनी उभं राहायचं. घोडी एक पाऊल सरकली तर तिला वळवून पुन्हा त्याच जागेवर आणायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. मी दर मिनिटाला "हो, हो, हो" करत राहिले, तेव्हा चाचा उठून आले. "एकदाच म्हणायचं, बाई. दुसऱ्यांदा म्हणलं की पयलं खोटं ठरतंय." हे वाक्य मला टोचलं, कारण माझी आयुष्यभराची बहुतेक पहिली वाक्यं तशीच होती.

श्रावणात घोडीच्या पाठीवर, नुसत्या घोंगडीवर बसायला मिळालं, तेही दोर चाचांच्या हातात आणि त्यांच्याभोवती गोल गोल, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. मी तीनदा पडले. तिन्ही वेळा घोडी थांबली आणि तिने खाली वाकून मला हुंगलं. दसऱ्याला जीन, म्हणजे खोगीर, चढलं.

मग गल्लीतून फेरफटका सुरू झाला आणि घोडीची पूर्वीची शाळा कळायला लागली. हलगी वाजली की ती नाचायची. मान कमानदार, पुढचे पाय आळीपाळीने वर. हलगीच पाहिजे असंही नव्हतं. पत्र्याच्या दुकानात कोणी धान्याची कोठी ठोकत असला तरी ती ठेका धरायची. आणि मारुतीचं देऊळ दिसलं की दारात जाऊन उभी राहायची. मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ तोंडात पडल्याशिवाय हलायची नाही, कारण जन्मभर परण्यात तिला ती तिथे मिळत आली होती. नांदेडात मारुती किती आहेत हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. मला ते घोडीने शिकवलं. ती भररस्त्यात नाचायला लागली की मी लोकांना हात हलवून दाखवायची, जणू मीच नाचवतेय. चाचांच्या कपाळावर मात्र आठी पडायची.

दिवाळीनंतर मुलांनी ठरवलं की घोडी माळेगावच्या जत्रेत विकायची. जीप उभी करायला जागा पाहिजे होती. हे कळलं तेव्हा मी खरारा करत होते. माझा हात थांबला. एवढ्या दिवसांत मिशी, भाऊ, थाप सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. मला ही घोडी पाहिजे होती. उमरीला आमची थोडी जमीन आहे, विहीर आहे, गाय गेल्यापासून गोठा रिकामा आहे. मी चाचांना म्हणाले, "मला द्या."

"देतो. पण नाचरं जनावर गल्लीत ठीक हाय. तिकडं रस्त्यावर ट्रकवाला भोंगा वाजवंल, ही ठेका धरंल, अन् तुम्ही चाकाखाली. ते पाप मला नको." मग त्यांनी अट घातली. तुळशीच्या लग्नानंतर पहिला परण्या गल्लीवरून जाईल, तेव्हा मी घोडीवर असायचं. नाचली नाही तर घोडी माझी. नाचली तर जत्रेला.

दोन आठवडे हातात होते. शहाण्या माणसाने सराव केला असता. मी कापूस आणला.

परण्याच्या दिवशी चाचा चहाला गेलेले पाहून मी घोडीच्या दोन्ही कानांत बोळे कोंबले आणि वरून आयाळ सारखी केली. चाचा कोपऱ्यावरच्या ओट्यावर येऊन बसले. हलगी आली, पिपाणी आली, जीपमध्ये मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आला. घोडीने शेपटीने एक माशी उडवली, एवढंच. चाचा उठून उभे राहिले. त्यांचा हात छातीवर गेला होता आणि चेहरा असा उजळला होता की मला क्षणभर वाटलं, आपण खरंच काहीतरी केलंय.

तेवढ्यात घोडीने परण्यामागे पाऊल टाकलं. मी "हो" म्हणाले. मग दुसऱ्यांदा म्हणाले. मग पंधरा-वीसदा तरी म्हणाले असेन. कान तर मीच बंद केले होते. लगाम ओढला तर तिने मान झटकली. गर्दीतून वाट काढत, जीपला मागे टाकत ती नवरदेवाच्या आधी मारुतीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे थांबलेल्या बायकांना आनंद झाला. "घोडी आली गं, घोडी आली!" एका आजींनी घोडीला कुंकू लावलं. दुसरीने मलाही ओवाळलं आणि विचारलं, "नवरदेवाची बहीण का गं तू?" मी घाबरून हो म्हणाले. त्या गडबडीतही मला थाप मारायला वेळ मिळाला, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

चाचा लंगडत आले. कोणाच्या तरी ताटातली डाळ घेऊन त्यांनी घोडीला चारली, दुसऱ्या हाताने तिची मान थोपटली, आणि तो हात कानापाशी थांबला. एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्या कानातला. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले.

"मला फसवलंस, चालतंय. म्हातारा हाय मी. पण हिला बहिरं करून तू वर बसलीस? तुझा तिच्यावर सगळा भरवसा, अन् तिनं कुणाच्या भरवशावर चालायचं?"

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणाले. मला लाज वाटली. लोकांनी पाहिलं म्हणून नव्हे. तीनदा मी जमिनीवर पडले तेव्हा तिने मला हुंगलं होतं आणि मी तिचे कान बुजवले होते, म्हणून. मी उतरले आणि पायी परत आले. घोडी जत्रेला जाणार हे ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी लिदीची पाटी उचलली. चाचांनी पाहिलं, पण फाटक लावलं नाही. जत्रेला पाच-सहा आठवडे होते. घोडी माझी होणार नव्हती. पण निदान तिची माझ्यावरची नाराजी तरी काढायची होती. मी नवऱ्याला तेलाचा रिकामा डबा दिला.

"आता हेच राहिलं होतं," ते म्हणाले. पण वीस वर्षं शिक्के मारलेला हात तो! पहिल्या दिवशी ते गल्लीच्या टोकाला उभे राहून डबा वाजवत होते, आणि इकडे अंगणात मी दोर सैल धरून घोडीशेजारी उभी. तिने पाय उचलला की मी तिला एक गोल फिरवायची, पुन्हा त्याच जागेवर आणायची आणि "हो" म्हणायची. एकदाच. रोज हे दहा पावलं जवळ यायचे. कधी अर्ध्या तासात ती दहा श्वास शांत उभी राहायची, तेवढ्यावर आम्ही थांबायचो. गल्लीतले लोक चाचांना विचारायचे, मॅडमच्या साहेबांना काय झालं? चाचा सांगायचे, "बदली झाली." माझ्याशी मात्र ते अजून बोलत नव्हते.

माळेगावला घोडीबरोबर मीही गेले. तिथे घोड्यांच्या रांगा लागल्या होत्या. माझा भाऊही तिथे बैल बघायला आलेला, मिशीला पीळ देऊन. एक पांढऱ्या कपड्यांतला व्यापारी चाचांच्या घोडीपाशी थांबला. दात पाहिले. खूर मागितले, तर तिने चारी पाय शहाण्यासारखे एकेक करून दिले. तो खूश झाला आणि बरोबर आणलेल्या हलगीवाल्याला पुढे बोलावलं. "नाचरी हाय म्हणून ऐकलंय. दावा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोर पुढे केला. "धरा बाई. माझा गुडघा दुखतोय."

'धरा' म्हणाले. मला तेवढ्यानेच भरून आलं. मी दोर घेतला, सैल सोडला. हलगी कडाडली. घोडीची मान कमानीत जायला लागली, पुढचा पाय वर आला, आणि तिचा एक कान मागे, माझ्याकडे वळला. ती विचारत होती. मी म्हणाले, "हो."

पाय खाली आला. ती उभी राहिली. हलगीवाला घामाघूम झाला, अगदी तोंडाजवळ येऊन वाजवू लागला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. व्यापाऱ्याला संशय आला. जत्रेतले धंदे त्याला पाठ होते. त्याने घोडीच्या दोन्ही कानांत बोट घालून पाहिलं. कान रिकामे होते.

"बहिरी तर न्हाई. मग नाचंना का?"

"या बाईनं बिघडवली," चाचा म्हणाले. "लग्नाच्या कामाची राहिली न्हाई." व्यापारी पुढच्या रांगेकडे गेला. त्याच्यामागे आणखी दोघे आले, ऐकून तेही गेले. मुलं बापावर चिडली. चाचांनी दोर माझ्या मनगटाला गुंडाळून दिला. "न्या आता. बिघडलेला माल कोण घेणार दुसरं?"

भाऊ पुढे आला. त्याचा हात मिशीवर होता. "आक्का, बस की मग. बघू दे मला तरी."

मी चाचांना विचारलं, "जीन कुठंय?"

"घरी. आणलंच न्हाई."

भावाने सुटकेचा श्वास सोडला. मी घोडीला घेऊन चालत टेम्पोकडे निघाले, ती माझ्या खांद्याशी, दोर सैल. टेम्पो दिसला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाईक बसून बघितल्याशिवाय घोडी घेत नाही. विकायला आणलेल्या घोडीचं जीन कोणी घरी ठेवून येत नाही.

मी वळून पाहिलं. चाचा मुलांची बोलणी खात उभे होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. आमच्या घराण्यात एवढी मोठी थाप आजवर कोणी मारली नव्हती.