वेंडलर मास्तरांचं वेशीवरचं गाणं

आमच्या डोंगरातल्या राउशबाख गावच्या ट्राउगोट वेंडलर मास्तरांना मोठ्या लोकांनी कधी संगीतकार मानलं नाही, याचा मला अजून राग येतो. आठवडाभर शाळा, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन आणि उरलेल्या वेळात गाणी रचणं, यातच त्यांचा जन्म गेला. लाइपझिगच्या प्रकाशकांनी त्यांची गाणी ‘फारच साधी’ म्हणून परत पाठवली. मास्तरांना मानपान नको होता. आपलं एक तरी गाणं डोंगरापलीकडे कुणी गावं, एवढाच त्यांचा ध्यास.

“डोंगरापलीकडे?” त्यांच्या बायको ओटिलीबाई म्हणायच्या. “अहो, शेजारच्या कोंबड्याला पाठ झालं तरी देव पावला म्हणायचं!”

गावातला कुणी सुतार-गवंडी काम शिकून तयार झाला, की गावोगाव फिरून कामं करायला निघायचा. तीन वर्षं घरी पाऊल टाकायचं नाही आणि निघताना मागे वळून बघायचं नाही, हा रिवाज. आम्ही गाणारी मंडळी वेशीवर त्याच्या पाठीमागे उभी राहून मास्तरांचं निरोपाचं गाणं म्हणायचो. तो डोळे पुसत ऐकायचा आणि चालू लागायचा. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. लग्नं करून तिकडेच राहिले.

मी बाल्थाझार, गावचा खाटीक, खर्जात गातो. शहरातल्या गायनमेळाव्याला मास्तरांना आणि ओटिलीबाईंना मीच ओढत नेलं. गाणं मंडळातल्याच माणसानं रचलेलं हवं, असा तिथल्या स्पर्धेचा नियम. दूरदूरची मंडळं आली होती. आम्ही आमचं वेशीवरचं गाणं धरलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी आमच्या सुरात सूर मिसळला. मग आणखी कुणी. बघता बघता अर्धा मांडव गायला लागला.

मुख्य परीक्षकांनी हात उंचावून आम्हाला थांबवलं.

“वेंडलर, हे तर लोकगीत आहे! सगळ्यांना पाठ असलेलं. स्वतःचं म्हणून खपवता? लाज नाही वाटत?”

माझं डोकंच फिरलं. “चोर कुणाला म्हणतोस रे ढेरपोट्या?” मी बाह्या सरसावल्या.

“बाल्थाझार, गप बस,” मास्तर म्हणाले. ते पुढे सरकले. “साहेब, तुम्ही हे कुठे ऐकलंत?”

“आमची स्वयंपाकीण रोज भांडी घासताना म्हणते. स्टेटिनची आहे.”

“स्टेटिन? म्हणजे पार समुद्राकडे?” मास्तर लोकांकडे वळले. “आणि तुम्ही? तुम्ही कुठे ऐकलंत?”

“ब्रेमेनला!”

“आमच्याकडे बारशाला म्हणतात!”

“आमच्याकडे मयताला!”

मांडवात हशा पिकला. मास्तर मटकन खाली बसले आणि पोट धरून हसू लागले. गालांवरून पाणी वाहत होतं.

“अहो, चोर म्हणतायत तुम्हाला,” ओटिलीबाई ओरडल्या, “आणि हसताय काय?”

“म्हणू दे गं! ओटिली, वेशीवरून गेलेल्या पोरांनी गाणं समुद्रापर्यंत नेलं!”

“तुमचं मंडळ बाद!” परीक्षक गरजले.

“बाद तर बाद,” मास्तर उठले. “पण साहेब, तिसरं कडवं राहिलंय.”

त्यांनी हात उचलला आणि अख्खा मांडव उभा राहिला. मी खर्ज-बिर्ज विसरून बेंबीच्या देठापासून गात होतो. मास्तरांची छाती अशी फुगलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मधेच माझं लक्ष परीक्षकांकडे गेलं. तेही गात होते, आणि एकही शब्द चुकत नव्हते.