लहान भांडं पहिलं

आमच्या चाळीत तेरा खोल्या आणि एक नळ होता. एका रविवारी त्यातल्या बारा खोल्यांना पाणी मिळालं आणि तेराव्या खोलीला थेंबही मिळाला नाही, याला मी एकटा जबाबदार होतो. तेरावी खोली आमची होती.

ही सत्तरच्या दशकातली, भिवंडीतल्या कामतघरची गोष्ट. बाबा लूमवर कामाला, आई घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मी मुंबईला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं (खरं तर मॅट्रिकच्या जवळही कोणी गेलेलं नव्हतं). त्यामुळे मी सुट्टीला घरी आलो की चाळ मला काहीबाही विचारायची आणि मी चाचरत उत्तर द्यायचो.

त्या वर्षी आम्हाला ऑपरेशन्स रिसर्च नावाचा नवा विषय लागला. माणसं, यंत्रं आणि वेळ यांची मांडणी गणिताने कशी करावी, याचं हे शास्त्र. त्यात एक अख्खं प्रकरण रांगांवर होतं. रांगेत उभं राहण्यावर पुस्तक लिहिता येतं हे आईला आधी कळलं असतं, तर तिने तीन खंड लिहिले असते.

आमचा नळ सकाळी सहाला यायचा आणि सातला जायचा. त्याच्यावर राज्य बायजाआक्काचं. आक्का कोपऱ्यातल्या खोलीत एकटी राहायची. पहाटेच ती नळाशेजारी उपडा डबा टाकून बसायची. लोकांनी आदल्या संध्याकाळीच नंबर लावलेले असायचे. कुणाची वीट, कुणाची करवंटी, कुणाची एका पायातली चप्पल. पण आक्का ती रांग खुशाल मोडायची.

"सलीम, तू भर. हौसे, तू थांब. तुजा नवरा गावाला गेलाय, कनाला घाई?"

मला यात काही नियम दिसेना. शनिवारी सकाळी मी बाबांचं घड्याळ बांधून नळापाशी उभा राहिलो आणि कोण किती वेळ थांबतं ते वहीत टिपलं. दुपारी गणित केलं. संध्याकाळी सगळ्या बाया जमल्या तेव्हा खडूने नळामागच्या भिंतीवर मांडून दाखवलं.

"कळशी भरायला एक मिनिट लागतं, पिंपाला दहा. पिंप आधी लावलं तर कळशीवाली दहा मिनिटं ताटकळते. कळशी आधी लावली तर पिंपवाला एकच मिनिट थांबतो. म्हणून लहान भांडं पहिलं. सगळ्यांचा सरासरी थांबायचा वेळ कमी होतो." गणित बरोबर होतं. ते आजही बरोबर आहे.

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं.

"शिकलेला पोर हाय," ती म्हणाली. "उद्या डब्यावर तू बस."

आईचा ऊर भरून आला. घरी आल्यावर मात्र तिने हळूच विचारलं, "दामू, सगल्यात मोटा पिंप आपलाच हाय ना रं?"

"आपण शेवटी भरू, आई. नियम आपल्यापासून पाळला पाहिजे."

"उद्या मंदाला बगायला राहनाळचे पाव्हने येनार हात. धा वाजता."

"सव्वासहालाच सगळ्यांचं उरकेल बघ."

मंदा, माझी धाकटी बहीण, तांदूळ निवडत होती. तिने नुसतं माझ्याकडे बघून एक खडा बाजूला टाकला.

रविवारी सहाला मी डब्यावर बसलो. पहिली आली हौसाबाई, हातात तांब्या घेऊन.

"हंडा कुठाय?" मी विचारलं.

"हंडा घरी हाय. लहान भांडं पयलं ना? ह्यो घे लहान."

तिने तांब्या भरला, घरी जाऊन हंड्यात ओतला आणि पळत परत आली. आता तिच्यापुढे सगळ्या कळश्या. तांब्या लहान, म्हणून ती पुन्हा पहिली! हे बाकीच्यांनी पाहिलं. दोन मिनिटांत सगळ्या कळश्या घरी गेल्या आणि तांबे बाहेर आले. तांब्यांवर मात करायला फुलपात्रं आली. फुलपात्रांच्या डोक्यावर वाट्या आल्या. सलीमभाई रात्रपाळी करून आला होता. त्याने चहाचा ग्लास पुढे केला.

"मास्टर, ये कटोरी से छोटा है. हिसाब से बोलो."

"वाटी लहान हाय," हौसाबाई म्हणाली. "मोजून बग."

आता न्याय तर करायला हवा. मी वाटीतलं पाणी ग्लासात ओतलं. ग्लास भरून वाटीत थोडं उरलं. मी सलीमभाईच्या बाजूने निकाल दिला. हौसाबाईने तो अमान्य केला, म्हणून पुन्हा मोजलं. तेवढ्या वेळात नळ मोरीत वाहत होता. कुणीतरी काजळाची डबी घेऊन आलं, तेव्हा मी उठून उभा राहिलो, पण मला विचारतो कोण? बाया पळत होत्या, वाट्या हिंदकळत होत्या, आणि आमचं पिंप नियमाप्रमाणे अगदी शेवटी, शांतपणे उभं होतं.

सात वाजता नळ दोनदा खोकला आणि बंद झाला.

आईने पिंपात वाकून पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आता चा कसला करू?"

तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले, केसापासून मिशीपर्यंत कापसाच्या तुसाने पांढरे. "पानी काढ, अंगोल करतो," ते म्हणाले. आईने रिकामं पिंप दाखवलं. मंदा म्हणाली, "दादा, पाव्हन्यांना काय देऊ? सरासरी देऊ?"

मी आक्काच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिने पायात चपला सरकवल्या, रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि पहिल्या खोलीपासून सुरुवात केली.

"हौसे, आज तू लय पलालीस. दोन हंडं काढ. सलीम, एक बालदी दे आनि झोप जा. शेवंते, तू दरवाजा लाव, तुजं पोर तापलंय, तुजं नको."

वही नाही, घड्याळ नाही. कोणाला ड्युटी, कोणाचं मूल आजारी, कोणाच्या घरी आज माणसं कमी, सगळं तिला तोंडपाठ होतं. रोज सकाळी रांग मोडताना ती हेच बघत होती, आणि मी शेजारी उभा राहून फक्त मिनिटं टिपली होती.

बाबांची अंघोळ झाली, चहा झाला. तरी चाळीतून पाणी येतच होतं, इतकं की पाहुणे येऊन बसले तेव्हाही बाया तांबे घेऊन आत येत होत्या आणि पिंपात ओतून जात होत्या. मुलाचे वडील चहा घेता घेता बघत होते.

"ह्या सगल्या तुमच्याकं पानी भरतान?" त्यांनी विचारलं.

आक्का उंबऱ्यावरून म्हणाली, "पाव्हना एका घरचा नसतो आमच्याकं. चालीचा असतो."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "अशा शेजारात वाढलेली पोरगी आमाला पसंत हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी मी ओल्या फडक्याने भिंत पुसत होतो. न राहवून मी आक्काला विचारलं, "हे असं होणार ते तुम्हाला ठाऊक होतं ना? मग अडवलं का नाही?"

"अरं, मला कवा शालेत घातलं कुनी?" ती म्हणाली. "मला वाटलं, पुस्तकात असंल कायतरी, आपलंच चुकत असंल." मग म्हणाली, "पुढचं परकरन आलं की सांग मला. पन पाव्हने नसतील तवा."

परीक्षेत नेमका रांगेवर प्रश्न आला. मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं आणि मला त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले. मंदाच्या लग्नात सगळी कामं आक्काने वाटली. माझ्या वाट्याला पिंपाजवळ बसणं आलं, कशालाही हात न लावता. ते मी चोख केलं.

अजूनही मी राहनाळला मंदाकडे गेलो की ती सगळ्यांच्या आधी मला पाणी देते. भरदुपारी उन्हातून गेलो तरी आमटीच्या वाटीत देते आणि म्हणते, "घे दादा, लहान भांडं पहिलं." तहान भागेपर्यंत मला सात वेळा रांगेत यावं लागतं.