गावची डॉक्टरीण विसाल

बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी सोहाग शहराजवळच्या एका गावानं विसालला डॉक्टरीण करून टाकलं. मेडिकलला जागा मिळाली म्हंजे झालाच डॉक्टर, अशी तिकडची रीत. बापानं, अब्दुल मौजूदनं, गल्लीभर सरबत वाटलं आणि दारावर तिच्या नावाआधी 'डॉक्टर' रंगवून घेतलं.

आता दुसरं वर्ष. शरीररचनेच्या पेपराला विसालच्या हाताला असं काही कापरं सुटलं की पेन धरवेना. कोरा कागद ठेवून ती उठली, पुढच्या पेपरांना गेलीच नाही. घरी म्हणाली, "चांगले गेले." तेव्हापासून ती ताट अर्धं टाकून उठायची. निकाल आठवड्यावर आलेला.

कडी वाजली. शेजारची म्हातारी उम्म शहाता गुडघे धरत आत आली. ओढणीच्या गाठीत सांधेदुखीवरची पेनिसिलीनची कुपी आणि सुई.

"टोच गं पोरी. औषधाच्या दुकानातला टोचणारा लग्नाला गेलाय. अन् घरची डॉक्टरीण असताना त्याच्या दारात कशाला जाऊ?"

"खाला, आधी थेंबभर टोचून बघावं लागतं. एखाद्याला सोसत नाही."

"सात बाळंतपणं सोसली मी! ह्या सुईचं काय घेऊन बसलीस?"

बाहेरच्या ओट्यावरून बाप ओरडला, "टोच की! का खालाकडं फी मागतीस?"

म्हातारी बाजेवर पालथी पडली. विसालनं सुई भरली. तिनं आजवर सरावाला संत्र्यालाही टोचलं नव्हतं. ही इथंच गार पडली तर? तिनं सुई खाली ठेवली.

"मला येत नाही."

"काय येत नाही?" चुलीपाशी बसलेली आई म्हणाली.

"काहीच. एकाच पेपराला बसले, तोही कोरा दिला. नापास होणार मी."

आई खुदकन हसली. आपलं चांगलं झालेलं तिकडं कोण उघड सांगतं? पहिली आलेली पोरगीही नजरेच्या भ्यानं 'नापास झाले' म्हणून रडून दाखवते.

म्हातारी ताडकन उठून बसली. "म्हंजे माझी नजर लागंल व्हय? दूध पाजलंय तुला मी, सटवे!" भरलेली सुई उचलून ती तणतणत निघून गेली.

ओट्यावर मात्र कुणी हसलं नाही. बाप आत आला. त्यानं दार लावून घेतलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

विसालनं पुन्हा सांगितलं. आईच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं.